पडद्यावरचं सहस्रकुंड

लोह्याच्या आमच्या फोटो स्टुडिओत सहस्रकुंडचा धबधबा होता. खरा धबधबा इस्लापूरजवळ, किनवटच्या अंगाला, आणि तोही पावसाळ्यातच काय तो बघण्यासारखा. आमचा मात्र बारमाही. जाड मांजरपाटावर रंगवलेला, भिंतभर पसरलेला, खाली सरळ राहावा म्हणून बांबू शिवलेला पडदा. तालुक्यातली निम्मीअर्धी माणसं त्याच्यापुढं बसून गेली असतील. त्यातल्या बहुतेकांनी खरा धबधबा कधी पाहिला नव्हता, आणि आमचा पाहिल्यावर तिकडं जाण्याची गरजही वाटली नसावी.

मी या स्टुडिओत सून म्हणून आले. माहेर लातूरचं, वडील शाळामास्तर. शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच माझं भांडवल. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. लग्नाची हळद उतरायच्या आत ते म्हणाले, "सूनबाई, हात थिर हाय तुमचा. पोळ्या कुणीबी लाटंल, तुम्ही ब्रश धरा." सासूबाईंना हे रुचलं नाही. म्हणून मग पोळ्याही मीच लाटल्या आणि ब्रशही मीच धरला.

फोटो हे, म्हणजे माझे यजमान, काढायचे, धुवायचे मामंजी, आणि दुरुस्त करायची मी. आजच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा फोटो आधी फिल्मवर उलटा यायचा. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत देवीचे वण जायचे, डोळ्याखालची काळी वर्तुळं जायची. आणि एखादी गोष्ट पार नाहीशी करायची असली तर लाल रंग. लाल लावला तिथून उजेड जात नाही, छापल्यावर ती जागा पांढरी येते. हा रंग पाण्यातला असतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पडदा रंगवला उदगीरच्या गफूर पेंटरनं. तो सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, ते काम नसलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मामंजींनी त्याला मुद्दाम इस्लापूरला पाठवलं, बघून या आणि मग काढा म्हणाले. तो गेला ऐन उन्हाळ्यात. परत आला आणि ओट्यावर बसून हसत सुटला. "काका, उधर तो सगळा दगडच हाय! पाण्याचा टिपूस न्हाई. मी काय काढू, दगड?"

मामंजी म्हणाले, "दगड बघायला लोक कशाला येतील बाबा? दगड त्यांच्या रानात लई हायेत. तू पाणी काढ."

गफूरनं पाणी काढलं. पण निळा रंग महाग आणि पांढरा स्वस्त, त्यामुळं धबधब्यात निळं पाणी थोडं आणि पांढरा फेस उदंड. डोंगर पातळ हिरव्यात उरकले, कारण हिरवाही बेतानंच आणला होता. नांदेडहून चित्रकलेचे एक शिक्षक आले होते. ते पडद्यापुढं बराच वेळ उभे राहून म्हणाले, पांढऱ्याचा असा बेधडक वापर मी क्वचित पाहिला. गफूर तिथंच होता. माझ्याकडं बघून त्यानं हळूच डोळा मिचकावला. मला तेव्हापासून कुठलंही चित्र बघितलं की आधी प्रश्न पडतो, या माणसाकडं कुठला रंग कमी होता?

धबधब्याइतकाच मान आमच्या कोटाचा. काळा कोट, पुढून पाहिला तर नवरदेवाचा, मागून शिवण पार उसवलेली. माणूस जाड असो की काटकुळा, पाठीत पिना टोचून बसवता यायचा. भिंतीवरच्या फोटोत रुबाबात बसलेल्या कितीतरी आजोबांची पाठ उघडी आहे, हे त्यांच्या नातवांना माहीत नाही. मामंजींचा एकच नियम होता. फोटोत घरातली ओढाताण दिसू द्यायची नाही. फाटकी कॉलर मी सांधायची, पायात चप्पल नसली तर फोटो गुडघ्यापर्यंतच घ्यायचा. हसायला काहीच नाही यात. वर्षात एकदा, काहींच्या आयुष्यात एकदा, माणूस स्वतःला बघणार असतो.

मोठा दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवलेले लोक आमच्या भागात फिरायला लागले. त्यातला एक जण बॅटरी चार्ज करायला आमच्या दुकानात बसला होता. चांगला मुलगा होता, पाणी विचारूनच पीत होता. भिंतीवरचे फोटो बघून म्हणाला, "काय हो काकू, इथं प्यायला पाणी नाही आणि सगळे धबधब्यासमोर?" मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यानं टँकरपाशी उभ्या असलेल्या एका बाईचा फोटो काढला. रिकामी घागर, मागं भेगाळलेलं तळं. ती कॅमेरा बघून हसली तर म्हणाला, हसू नका मावशी. तो फोटो पेपरात मोठा छापून आला. दुसऱ्या आठवड्यात तीच बाई आमच्याकडं आली. केस विंचरलेले, पावडर लावलेली, शेजारणीची साडी. धबधब्यापुढं बसली आणि यांनी न सांगता हसली. त्या दुष्काळाचे हे दोन फोटो. आमच्या हालाचे म्हणून जे फोटो जगभर गेले त्यांत भेगा आहेत, आमच्या घरांतल्या फोटोंत धबधबा आहे. खरा कुठला, असं मला लोक विचारतात. दोन्ही खरे, पण भिंतीवर लावायला माणूस एकच निवडतो.

आता मूळ गोष्टीवर येते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टुडिओ आता मुलगा बघतो. त्याच्याकडं ड्रोन आहे, कॉम्प्युटर आहे. पडदा गुंडाळून माळ्यावर टाकलाय आणि मीही बऱ्यापैकी माळ्यावरच आहे. एक मुलगी आली, सोबत तिची आत्या. मुलगी अश्विनी, नांदेडला दवाखान्यात नर्स. लग्न तोंडावर आलेलं. आई, मुक्ता, ही लहान असतानाच तापानं गेलेली. बापानं दुसरा संसार मांडला आणि हिला वाढवलं या शेवंताआत्यानं.

आमच्याकडं लग्नात आई किंवा वडील नसले तर त्यांचा फोटो पाटावर ठेवतात. हार घालतात, हळदीच्या वेळी मुलगी त्याला आधी नमस्कार करते. अश्विनीला आईचा फोटो हवा होता. आणि फोटो नव्हता. मुक्ताचं लग्न झालं तेव्हा फोटोवाला परवडला नव्हता. मतदान कार्डाचे फोटो काढायला माणसं गावात आली तेव्हा हे सगळे ऊसतोडीला कारखान्याच्या फडात. नंतर आधार कार्ड आलं, पण तोवर ती नव्हती.

अशी गिऱ्हाइकं मला नवी नव्हती. धंद्यात याचाही एक रस्ता असतो. गेलेल्या माणसाच्या तोंडावळ्याचं जितं माणूस आणायचं, भाऊ, बहीण, लेक. त्याचा फोटो घ्यायचा आणि ब्रशनं वय चढवायचं, कपाळ रुंद करायचं, केस पांढरे करायचे. उसना चेहरा म्हणायचो आम्ही त्याला. आज या भागात कितीतरी घरांत माणसं बापाला म्हणून काकाला हात जोडतात. कुणाला खटकत नाही. वर्षा-दोन वर्षांत तोच चेहरा बापाचा होऊन जातो.

शेवंताआत्या त्यासाठीच आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, ही पोर हुबेहूब मायवानी दिसती. हिचाच काढा अन् थोडी मोठी करा. कुंकू लावा, पदर द्या. झालं."

अश्विनी म्हणाली, "नको काकू. मग मी हळदीला माझ्याच पाया पडू का?"

इतकी वर्षं हे काम केलं, पण ज्याचा चेहरा उसना घेतला त्याला काय वाटत असेल हे मी कधी विचारलं नव्हतं.

अश्विनीनं मोबाइल पुढं केला. मामेभावानं कुठल्याशा ॲपवर आई बनवून दिली होती. गोरीपान, भुवया कोरलेल्या, कानात झुमके. आत्या बघून म्हणाल्या, "ही कोन बाई? ही कवा फडात आली होती?" अश्विनी हसायला गेली आणि तिला रडू आलं.

मग तिनं पिशवीतून एक फोटो काढला. "एवढाच हाय आमच्याकडं. मी अन् खुर्ची." कृष्णधवल फोटो, मागं आमचा शिक्का, पेन्सिलीनं मामंजींच्या अक्षरात साल आणि नंबर. त्या काळात रंगीत रोल धुवायला नांदेडला पाठवावा लागे, कृष्णधवल घरीच निघे, म्हणून ऐपत बेताची असेल तो कृष्णधवलच काढे. फोटोत वर्षाचीही नसेल अशी पोर खुर्चीत ताठ बसलेली, मागं धबधबा.

मी फोटो उजेडात धरला. पोरीच्या कमरेपाशी फेस जरा जास्तच पांढरा होता. धबधबा तिथं खुर्चीच्या पाठीवरून पोरीच्या पोटापर्यंत उतरला होता. गफूरनं फेस कितीही ढिलाईनं काढला असला तरी तो खुर्चीच्या पुढं येत नाही. तो फेस माझा होता.

"आत्या," मी विचारलं, "ही तेव्हा आपली आपण बसत होती का?"

"कशाची बसती? लोंबाय लागायची. मुक्ती खुर्चीच्या मागं बसली होती ना दडून, हिला धरून. मी इथंच उभी होते, ह्या दाराशी."

लहान पोरांचे फोटो असेच निघत. मूल बसत नाही, आई खुर्चीमागं उकिडवी बसणार, मागून हात घालून त्याला सावरणार. फोटो लहान, त्यात दोघांना घेतलं तर दोघांचीही तोंडं हरभऱ्याएवढी येणार, म्हणून एकट्या मुलाचाच घ्यायचा. आणि मग मी तो हात लाल रंगानं बुजवायची. मागं पांढराशुभ्र फेस, म्हणजे बुजवणं सोपं. असे किती हात मी धबधब्यात सोडले त्याची गणती नाही. गिऱ्हाईक तेच मागत असे. मूल स्वतः बसलंय असं दिसलं पाहिजे.

"पन तुमच्या मामंजींनी तिला इचारलं होतं," आत्या म्हणाल्या. "म्हनले, बाई, तू बी ये की फोटोत, पोरीला मांडीवर घे. ती म्हनली, न्हाई मामा, लुगडं ठिगळाचं हाय. पुढल्या साली नवं घेऊन येते, मंग दोघींचा काढा."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. माझ्या आठवणीत तिचा चेहरा नाही. आठवून बघितला, खूप ताण दिला, पण येत नाही. खुर्चीमागं दडलेल्या बायांचे चेहरे मी बघतच नसे. मला त्यांचे फक्त हात ठाऊक असत. याचं वाईट वाटतं.

निगेटिव्ह असेल का, हा प्रश्न होता. आम्ही ती पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यांत ठेवायचो, सालवार. पण मधे धंदा बसला, तेव्हा जुन्या फिल्ममधून चांदी काढणारे लोक दारावर यायचे आणि यांनी काही डबे देऊन टाकले होते. मी तेव्हा भांडले होते. हे म्हणाले होते, "लोकांचे चेहरे सांभाळून ठेवायला आपण काय चित्रगुप्त आहोत का?" कुठले डबे गेले, कुठले राहिले, मलाही माहीत नव्हतं. मुलगा माळ्यावर चढला. आधी पडद्याचं वेटोळं खाली आलं, धुळीनं आम्ही सगळे खोकलो. मग डबे. त्याच्या अलीकडचं साल नव्हतं, पलीकडचं नव्हतं. ते साल होतं. डब्याचं झाकण गंजून चिकटलेलं, पाकिटं एकमेकांना धरून बसलेली. नंबर सापडला.

मी फिल्म खिडकीशी धरली. काळी पोर, पांढरे डोळे, आणि कमरेपाशी लाल डाग. माझ्या हातचा, कडा नीट घोटलेल्या. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

रंग पाण्यातला, म्हणजे पाण्यानं निघणार. पण फिल्म जुनी. पाणी लागलं की वरचा थर फुगतो, सुटतो, आणि मग लाल डागाबरोबर खालचं सगळंच वाहून जातं. मी अश्विनीला सगळं सांगितलं. "ही अशीच ठेवली तर फिल्म तरी शाबूत राहील. धुतली तर डागाखालच्या हातासकट सगळीच जाऊ शकते. आणि रंग निघालाच तरी हातच दिसेल, चेहरा नाही. चेहरा यात आलाच नव्हता."

तिनं आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "माह्याकडं नको बघू. माय तुही हाय."

"धुवा," अश्विनी म्हणाली.

गरम पाणी नको होतं. माठातलं गार पाणी बशीत घेतलं, कापसाचा बोळा ओला केला आणि पिळून डागावर नुसता टेकवला. घासायचं नसतं. टेकवायचा, उचलायचा, नवा घ्यायचा. बोळे गुलाबी व्हायला लागले. माझा हात आता पूर्वीसारखा थिर नाही, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून काम केलं. फिल्मची एक कड जरा फुगली, तेव्हा मी थांबले, पदरानं वारा घातला आणि पुन्हा सुरू केलं. मामंजी असते तर म्हणाले असते, सूनबाई, श्वास घ्या.

लाल गेला. मुलानं फिल्म वाळवून स्कॅनरवर घेतली आणि कॉम्प्युटरवर सुलटी केली.

पोरीच्या पोटावर चार बोटं. बारीक, पण घट्ट. मनगटात काचेच्या बांगड्या, आणि बांगड्यांच्या वर गोंदण. तुळशीचं झाड आणि दोन्ही बाजूंना ठिपके.

शेवंताआत्यांनी आपली बाही वर सारली. त्यांच्या हातावर तीच तुळस, तेच ठिपके. "जत्रंत संगं बसून गोंदून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "ती लई रडली, मी न्हाई रडले." आणि आता रडल्या त्याच.

अश्विनी कधी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत होती, कधी आत्याच्या हाताकडं. ज्या हातानं तिला भरवलं, त्याच्यावर तिच्या आईची खूण सगळा वेळ होती.

पण अडचण संपली नव्हती. आत्यांनी डोळे पुसले आणि त्यांचं रोखठोक डोकं चालायला लागलं. "बाई, ह्याला हार कसा घालायचा? ह्याच्यात पोर हाय की. जित्या मानसाच्या फोटोला हार घालून राहिलो तर लोक शेन घालतील तोंडात. अन् लग्नाच्या दिवशी!"

खरं होतं. आमच्याकडं हार घातलेला फोटो म्हणजे गेलेलं माणूस. त्यात शंका नाही, सवलत नाही. मुलगा म्हणाला, "त्यात काय, पोरीला क्रॉप करतो. नुसता हात ठेवू. दोन मिनिटांचं काम." आणि त्यानं खरंच माउस फिरवून पोर काढून टाकली. राहिला एक हात, धबधब्यातून बाहेर आलेला, बोटं कशाभोवती तरी वळलेली.

अश्विनी म्हणाली, "दादा, मला काढलं तर तो हात काय धरंल?"

मुलानं पोर परत आणली. मी त्याला म्हटलं, हा फोटो आता असाच राहील, यातून कुणालाही काढायचं नाही. हाराचं काय करायचं ते आपण बघू.

नांदेडहून मोठा फोटो छापून आणला. मग मी माझी जुनी रंगांची पेटी काढली. रंग वाळून खडे झाले होते, पाण्याचं बोट लावल्यावर जागे झाले. आत्यांना विचारलं, बांगड्या कुठल्या रंगाच्या होत्या? "हिरव्या. दुसऱ्या कुठल्या असतील? सवाष्ण होती ती, सवाष्णच गेली." बाकी सगळा फोटो कृष्णधवलच ठेवला आणि तेवढ्या बांगड्या हिरव्या केल्या. या खेपेला हिरवा बेतानं वापरला नाही.

लग्नाला मला बोलावणं होतं. गावात मांडव, पाटावर फोटो, हार नाही. येणारी माणसं बघायची आणि म्हणायची, नवरीचा लहानपणीचा फोटो का, छान आहे. काहीजण विचारायचे, आईचा कुठाय? अश्विनी म्हणायची, "हाच." माणसं वाकून बघायची, मग त्यांना हात दिसायचा.

आदल्या दिवशी कासार आला होता चुडा भरायला. आधी नवरीला भरला, मग घरातल्या सगळ्या बायांना. मलाही बांगड्या भरल्या, नाही म्हणता येईना. कासार टोपली आवरायला लागला तशी शेवंताआत्या म्हणाल्या, "थांब रे. एक हात राहिलाय."

"कुनाचा?"

आत्यांनी पाटाकडं बोट केलं. कासार वयस्कर होता. त्यानं फोटोकडं बघितलं, टोपली पुन्हा उघडली, हिरवा जोड शोधायला लागला आणि थांबला. "माप काय?" तो म्हणाला.

कुणाला माहीत नव्हतं. आत्यांनाही नाही. तेव्हा आपला चेहरा आईला उसना द्यायला जी तयार झाली नव्हती, त्या अश्विनीनं हात पुढं केला.

"माझंच द्या," ती म्हणाली.

कासारानं तिचं माप मघाशीच घेतलेलं होतं. त्यानं त्याच मापाच्या बांगड्या काढल्या आणि फोटोसमोर ठेवल्या.